कालवं लागलेला पूल

उरण, १७ नोव्हेंबर १९५७

मिठागर कंपनीचे मॅनेजर बाळाजीपंत आज स्वतःच्या पायांनी चालत आमच्या फोटोच्या दुकानात आले. एरवी कशालाही मुकादम पाठवणारा माणूस! खाडीवरच्या कंपनीच्या आगगाडीच्या लाकडी पुलाचे फोटो पाहिजेत म्हणाले. वरून, खालून, दोन्ही अंगांनी. मिठाची गाडी बंद पडून दोन वर्षं झाली, मीठ आता ट्रकनं जातं. मग पुलाचे फोटो कशाला, असं मी विचारलं. "आठवण म्हणून," म्हणाले. "आमचे शेटलोक जुन्या वस्तूंचे शौकीन आहेत."

असतील बापडे. आम्हाला काम मिळाल्याशी मतलब.

बोलणी ह्यांच्याशी झाली, फोटो मी काढणार. मागच्या तापानंतर ह्यांच्या उजव्या हाताला कंप राहिला तो राहिलाच. तेव्हापासून कॅमेऱ्यामागे काळ्या कपड्यात मी, आणि बाजूला उभं राहून गिऱ्हाइकाला "मान जरा वर, हं" म्हणायला हे. फोटो ज्यांवर उठतो त्या काचा धुवायचं काम अंधाऱ्या खोलीत हेच करतात, तिथे हात कापला तरी बघायला कोण आहे? पाटीवर नाव ह्यांचं. गावाला सगळं ठाऊक आहे आणि गाव ठाऊक नसल्यासारखं करतं.

पुलाच्या पलीकडे खारपाली, माझं माहेर. आई रोज उजाडायच्या आत टोपली डोक्यावर घेऊन त्याच पुलावरून बाजाराला येते. अख्खा पाडाच येतो. पूल नसता तर भरतीला होडीची वाट बघा, ओहोटीला मांडीभर चिखल तुडवा, नाहीतर खाराच्या बांधाबांधानं अर्ध्या दिवसाचा वळसा घाला. मी सातवी पास झाले ती त्या पुलाच्या जिवावर. खारपालीच्या दुसऱ्या कुठल्या बाईनं सातवीचं तोंड पाहिलंय? त्या पुलाचा फोटो मी असा काढीन की शेट बघतच राहतील.

२२ नोव्हेंबर

काल-आज अवस. आजच्या ओहोटीला खाडी पार तळाला गेली. मला हेच पाहिजे होतं. उजाडताना खाली उतरले. कॅमेऱ्याचं तिकाटणं चिखलात रुतू नये म्हणून तिन्ही पायांखाली करवंट्या पालथ्या घातल्या. ह्यांनी वरून ओरडून सांगितलं, "पडशील!" पडले नाही.

पंत छत्री उघडून काठावर उभे. ऊन कुठे होतं तेव्हा? "खालचे खांब अगदी जवळून घ्या," म्हणाले. "ते खडबडीत आहे ना, ते आलं पाहिजे." ते खडबडीत म्हणजे कालवं. खांबांना कालवं इतकी दाट लागलीत की नखभर लाकूड दिसत नाही. कोवळं ऊन आडवं पडलं होतं, एकेक शिंपला उठून आला. चार काचा काढल्या आणि वरच्या तुळयांच्या आणखी दोन. हे काम ह्यांच्या चांगल्या हातालासुद्धा साधलं नसतं, आज मी स्पष्टच लिहिते.

२५ नोव्हेंबर

फोटो नेऊन दिले. पंत खूश! "वा, वा! अगदी कुरतडल्यासारखं आलंय!" मी म्हटलं, आडव्या उजेडाची करामत. पंतांनी लगेच दोन-दोन प्रती आणखी सांगितल्या.

मुंबईहून आलेला कोणी लाकडाचा व्यापारी त्यांच्याजवळ बसला होता. पुढे मला तो पुलावर दिसला. खिशातल्या चाकूनं तुळईचा कपटा काढला आणि चक्क नाकाला लावला. "असं सागवान आता ब्रह्मदेशातसुद्धा मिळायचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, मग! आमचा पूल आहेच तसा. माझ्या आज्यानं बघितलाय उभा राहताना. त्यावर तो हसला. चांगला माणूस वाटला.

९ डिसेंबर

चिरले गावातल्या लग्नात नवरदेव ऐन वेळी शिंकला. दोनदा. दोन काचा वाया. नवरदेवाचा बाप म्हणतो, शिंकेचे पैसे मी का देऊ?

१५ डिसेंबर

सकाळी आई दुकानापाशी आली ती टोपलीशिवाय. टोपलीशिवाय मी तिला माझ्या लग्नातच बघितली असेन. पायऱ्या न चढता रस्त्यातूनच म्हणाली, "गो कोकिळा, तू काय केलंस ह्ये?"

पुलाच्या दोन्ही तोंडांना कंपनीनं फळ्या ठोकल्यात. "पूल धोकादायक. जाण्यायेण्यास मनाई." आणि खाली अलिबागच्या बांधकाम खात्याच्या साहेबांचा हुकूम. तलाठ्यानं पाड्याला वाचून दाखवला. "सोबतच्या फोटोंवरून खांब किडीने पोखरलेले स्पष्ट दिसतात." सोबतचे फोटो म्हणजे माझे.

तलाठ्यानं उलगडून सांगितलं ते असं. पूल धड आहे तोवर लोकांची वाट कंपनीला अडवता येत नाही, पूल बांधतानाच तसं ठरलंय. पण पूल धोक्याचा ठरला की कंपनीनं तो पाडायचा, आणि लाकूड कंपनीचं.

आई म्हणाली, "कालवांचा फोटू बघून सायबाला किडा दिसला व्हय? आयुष्यात कालवं खाल्ली न्हाईत काय त्यानं?"

मला हसू आलं नाही. तो व्यापारी कशाला लाकूड हुंगत होता ते आत्ता कळलं. शौकीन म्हणे!

१६ डिसेंबर

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती? पण खरं सांगते, कालवं बघून कोणाला कीड दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दात यायच्या आधीपासून कालवाचा रस्सा चाटलेली मी. सडक्या लाकडावर कालव धरतच नाही, धरलं तर लाकडाचा पापुद्रा घेऊन गळून पडतं, हे आमच्याकडे पोरंटोरं जाणतात. मी पुलाचा भक्कमपणाच फोटोत घेतला होता, आणि त्यानंच पुलाच्या गळ्याला फास लागला.

उठले ती थेट कंपनीच्या कचेरीत. पंत म्हणाले, "कोकिळाबाई, फोटो कोणी काढले? तुम्हीच ना? मी बोट तरी लावलं का?" मग चहा मागवला. म्हणाले, "पुढच्या वर्षी सगळ्या कामगारांचे फोटो काढायचे आहेत. काम तुमच्याकडेच ठेवू म्हणतो."

मी म्हटलं, "तुमचे कामगार तुमच्याकडेच ठेवा, आणि चहाही." आणि तशीच उठले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं की मी नवे फोटो काढणार आणि साहेबांच्या तोंडावर मारणार. कंपनीचं काम गेलं तर गेलं. हे म्हणाले, "बरं." ह्यांचं ते "बरं" ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. बायकोचं माहेर तुटायला निघालंय आणि ह्यांचं बरं!

२२ डिसेंबर

पुन्हा अवस, पुन्हा तळ गाठलेली ओहोटी. ह्या खेपेला चिखलात मी एकटी नव्हते. आई होती, पाड्यातल्या बारा-पंधरा बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात कालवं फोडायची कोयती. मनाईची फळी? केसरकाकूनं तिच्यावर ओलं लुगडं वाळत घातलं.

मी एक खांब निवडला आणि सांगितलं, उभा अर्धा खांब तासून काढा, अर्धा तसाच ठेवा. डाव्या अंगाला कालवं, उजव्या अंगाला उघडं लाकूड. कालवं गळली तसं आतलं लाकूड निघालं काळंभोर, गुळगुळीत. एक भोक नाही. आईनं कोयती उलटी करून खांबावर हाणली, टण्ण आवाज आला, पलीकडचे बगळे उडाले. "घे ह्येचा फोटू!" म्हणाली. आवाजाचा फोटो निघत नाही, एवढीच आमच्या धंद्यात खोट आहे.

तासलेली कालवं बायकांनी सोडली थोडीच? टोपल्या भरून घरी गेल्या. लढाई लढाईच्या जागी, रस्सा रश्श्याच्या जागी.

२३ डिसेंबर

फोटोचा कागद संपलाय, मुंबईहून यायचाय, म्हणून कालच्या चार काचा नुसत्या धुवून ठेवल्या होत्या. आणि आज दुपारी मी बाजारात गेले असताना पंत दोन माणसं घेऊन दुकानात आले. पूल कंपनीचा, तेव्हा पुलाच्या काचा कंपनीच्या, मुकाट्यानं द्या, नाहीतर पोलीस.

आणि ह्यांनी दिल्या!

मी पायरी चढत होते तेव्हा पंत पुडकं काखेत मारून उतरत होते. हे मागून अदबीनं सांगत होते, "सांभाळून न्या पंत. उजेडात उघडू नका, खराब होतील." धुतलेल्या काचांना उजेडानं काय होतंय? भीतीनं माणूस स्वतःचा धंदासुद्धा विसरतो.

मी ओरडले, भांडं आपटलं, म्हणू नये ते म्हटलं. भित्रे म्हटलं. नंदीबैल म्हटलं. हे अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. ह्यांचं ताट वाढून सरकवून दिलं आणि मी उपाशी झोपते आहे.

२५ डिसेंबर

दोन दिवस बोलणं बंद. संध्याकाळी तांदूळ काढायला डब्यात हात घातला, तर फडक्यात बांधलेलं काहीतरी कडक. सोडून बघते तर पुलाच्या काचा. चारही. एकीलाही ओरखडा नाही.

बाहेर आले. हे ओसरीवर सुपारी कातरत होते, म्हणजे कातरायचा प्रयत्न करत होते. मी म्हटलं, "मग पंतांनी काय नेलं?"

"शिंकणारा नवरदेव," म्हणाले.

मी त्यांच्या हातातला अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरून दिली. माफी वगैरे मागितली नाही. पण सोड्यांची आमटी केली, ती त्यांना समजली असणार.

३० डिसेंबर

कागद परवा आला, रात्रीच फोटो छापले. आज करंज्याहून होडीनं रेवस, तिथून एसटीनं अलिबाग. हे आले नाहीत, मीच नको म्हटलं. फोटो छातीशी धरून होते, खाडीचं पाणी उडत होतं.

साहेब तरणाच होता, देशावरचा असावा. जुना फोटो आणि नवा फोटो त्यानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. म्हणाला, "बाई, हाही तुम्हीच काढला आणि तोही तुम्हीच. मग खरा कोणता?"

"दोन्ही खरे," मी म्हटलं. "पहिला तुम्हाला वाचता आला नाही."

पट्टेवाल्यानं जीभ चावली. साहेब लाल झाला. मला वाटलं, आता हाकलतो. पण म्हणाला, "असं असेल तर फोटोंवर मी विश्वासच ठेवणं चुकलं. इथून पुढे ठेवणार नाही. तुमच्यासुद्धा. पुढच्या महिन्यात मी स्वतः येऊन बघतो."

"आणि तोवर हुकूम?"

"तोवर हुकूम आहे तसा."

म्हणजे साहेब येईपर्यंत पूल उभा राहिला पाहिजे. आणि साहेब येणार ही बातमी माझ्या आधी पंतांना पोचली असेल, ह्यात मला काडीची शंका नाही.

५ जानेवारी १९५८

पौषी पौर्णिमा. आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

ओहोटीला रशीदभाईचा पडाव, माल वाहायची मोठी होडी, पुलाखाली आणून लावला होता. पंतांची युक्ती अशी की पडाव पहिल्या खांबाला साखळीनं करकचून बांधायचा. दुपारी भरती चढली की पाणी पडाव उचलेल आणि पडाव खांब उपटेल, दाढ काढतात तसा. एक खांब गेला की पूल मोडलाच, मग साहेब येऊन बघणार काय?

रशीदभाई मला बघून खजील झाला. "बाय, मी भाड्याचा मानूस. ह्या पंताना सांगून थकलो, ह्यो खांब नाय येनार. आयकतंय कोन!"

खारपालीच्या बायका पुलावर जाऊन बसल्या. ओळीनं, पाय खाली सोडून. पंत खालून ओरडले, "उठा! पूल पडेल!" आई वरून म्हणाली, "पडला तर तुमच्या डोस्क्यावर पडंल. तुम्हीच सरका." म्हाताऱ्या तुळशीआजीनं तर पानाची चंची सोडली. मी मात्र खांबाकडे बघत होते. साखळीनं खांब हललाच तर? ह्या सगळ्या माझ्या फोटोपायी तिथे बसल्या होत्या. आईला हाक मारून सांगितलं, उतर. तिनं तुळशीआजीकडे पान मागितलं.

भरती चढली. साखळी ताठ झाली. पुलानं एकदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि सगळ्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. पडाव वर यायला बघत होता, खांब सोडत नव्हता. मग पडावाचं एक अंग खाली दबायला लागलं. पाणी काठावर आलं, काठावरून आत आलं. कंपनीची माणसं धडाधड उड्या मारून पोहत सुटली. पंत पडावातच होते, खांब निघताना जवळून बघायला! कमरेइतक्या पाण्यात, छत्री उंच धरून, "रशीद! रशीद!" करताहेत.

रशीदभाई ओरडला, "खड्ड्यात ग्येला तुमचा खांब, माझी होरी जातंय!" आणि त्यानं साखळीची खीळ घणानं उडवली. पडाव असा उसळला की पंत पालथे पडले. छत्री वाहत करंज्याच्या दिशेला गेली.

पुलावर जो हशा झाला तो उरणच्या बाजारात ऐकू गेला म्हणतात. खांब जिथल्या तिथे. मी काठावरून, पंत छत्री उंच धरून उभे होते तेव्हाच, कळ दाबली होती. एकच काच होती. बसली.

८ जानेवारी

मोठा करून छापला आणि दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. तिरका पडाव, छत्रीवाले पंत, आणि वर पाय सोडून बसलेल्या बायका. सकाळपासून दुकानापुढे जत्रा.

दुपारी पंत आले. पाठ ताठ, आवाज खाली. "हा फोटो काढून टाका."

मी तोंड उघडण्याआधी हे उठले. उजवा हात थरथरत होता तो लपवलासुद्धा नाही. म्हणाले, "पंत, फोटो हिनं काढलाय. तिथून उतरवायचा की नाही ते ती सांगेल."

भर बाजारात. इतक्या लोकांसमोर. मी ह्या माणसाला भित्रा म्हटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण पंतांपुढे गाळलं नाही. म्हटलं, "राहू दे तिथेच. आठवण म्हणून."

२० जानेवारी

अवस. साहेब आला. सोबत ओव्हरसियर, गुडघ्यापर्यंत बूट. अख्खा पाडा काठावर उभा, आणि थोडं बाजूला पंत, नव्या छत्रीसह. मी फोटो पुढे केले तर साहेब म्हणाला, "नको. सांगितलंय ना तुम्हाला?"

ओहोटीच्या चिखलात उतरला. आईनं सांगितलं, "सायब, बूट काढा, रुततील." ऐकतोय कुठला! तिसऱ्या पावलाला बूट रुतला, साहेब कलंडला, आणि पडू नये म्हणून त्यानं समोरच्या खांबाला मिठी मारली. उजव्या हातानं, सगळा भार टाकून.

"आई गं!" करून हात मागे घेतला तो रक्तबंबाळ. कालवांच्या धारेनं तळहात उभा चिरला होता.

कोणी हसलं नाही. आई चिखलातून सरसर गेली, पदराची किनार दातानं फाडली, साहेबाचा हात बांधायला लागली. बांधता बांधता म्हणाली, "सडक्या लाकडाला धरलं असतंत, तर लाकूड हातात आलं असतं सायब. हात न्हाय कापला जात."

साहेबानं खांबाकडे बघितलं. मग डाव्या हातानं त्यानं आईच्या कमरेची कोयती मागितली. खांबावरची चार कालवं उडवली, टोक लाकडात खुपसायला बघितलं. जाईना. दुसऱ्या खांबाला गेला, तिसऱ्याला गेला. जाईना. पंत काठावरून काहीतरी सांगायला लागले, तर साहेबानं वळूनही बघितलं नाही. ओव्हरसियरला म्हणाला, "त्या फळ्या उतरवा. दोन्ही तोंडांच्या. आत्ता."

फळी खाली पडली तशी पोरं पुलावरून धावत सुटली. आई साहेबाच्या मागोमाग तिसऱ्या खांबापर्यंत गेली होती, त्याचा बांधलेला हात अजून हातात धरून, आणि बघत होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

मी कॅमेरा रोखला होता. साहेबानं बघितलं आणि घाईनं म्हणाला, "बाई, हा नको. हात बांधलेला, चिखल लागलेला. बरं दिसत नाही ते."

मी म्हटलं, "तुमचा फोटोंवर विश्वास कुठे आहे? मग घाबरता कशाला?"

आणि काळ्या कपड्यात शिरून काढला.